डुकराचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे म्हणतात. ही म्हण ज्या कोणी काढली तो वऱ्हाडातला नसावा. आमच्याकडे बाजारात बैल उभा केला, की गिऱ्हाईक आधी दात बघते, मग खूर बघते, पाठीवरून हात फिरवते आणि मग हळूच विचारते, "कोनाच्या घरचा हाय बाप्पा हा?" बापाने कोणत्या पटात कितवा नंबर काढला हे कळल्याशिवाय कनवटीचा पैसा सुटत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट वाचकांपैकी काहींनी पाहिला असेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले; २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या वर्षांत बैल बसून होते, पण त्यांची कुळे लोकांच्या तोंडी पाठ होती. पट सुरू होताच आजोबांच्या पुण्याईवर नातवंडांच्या किमती ठरू लागल्या.

हे सगळे सांगण्याचे कारण एक डुक्कर.

दचकू नका. डुक्कर म्हणजे 'डुक्कर फियाट'. १९५४ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही मोटार तयार होऊ लागली, आणि तिचा गोल, फुगीर, पुढे नाकाड काढलेला अवतार पाहून महाराष्ट्राने एकमुखाने तिला हे नाव बहाल केले. बारसे कोणी केले ते ठाऊक नाही, पण केले ते नेमके केले. पुढे चौकोनी घाटाची, १९७४ नंतर 'पद्मिनी' या नावाने गाजलेली फियाट आली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली आणि लोक तिलाच फियाट म्हणू लागले. ही डुक्कर म्हणजे त्या पद्मिनीची आई. आईला डुक्कर आणि लेकीला चितोडची राणी म्हणणारे लोक आपण! असो.

आमच्या घराण्यातले डुक्कर तिवशाला असते. तिवसा अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे. अमरावतीहून निघालात, की आधी मोझरी लागते, जिथे तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे, आणि मग तिवसा. एस.टी. थांबते, चहा पिऊन होतो आणि प्रवासी पुढे जातो. गावाच्या आत शिरण्याचे कारण प्रवाशाला सहसा पडत नाही. आम्हाला पडत असे, कारण तिथे आमचे मामा डॉक्टर होते.

मामांनी ही गाडी १९६२ साली धामणगावच्या एका जिनवाल्याकडून घेतली. गाडी १९५६ची. नवी फियाट पाहिजे असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि डॉक्टरांचे रोगी तितके थांबायला तयार नव्हते. राखी रंग, आत तपकिरी गाद्या, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. पुढची दारे उलटी, म्हणजे कपाटाची उघडावीत तशी मागच्या बाजूला बिजागरी. मामींना ती सोय फार आवडायची. "लुगडं न चुरगळता बसता येते," असे त्या म्हणत. अशी दारे चालत्या गाडीत उघडली तर वाऱ्याने फाकून निघतात, म्हणून ती पुढे साऱ्या जगातून गेली, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

१९९१ साली मामा गेले. गाडी कोठ्यात गेली. कोठा म्हणजे आमच्याकडे गोठा. पहिली दोन-तीन वर्षे कोणी तरी अधूनमधून तिला चालू करीत असे. मग बॅटरी गेली, मग टायर बसले, मग कोंबड्यांना मागची गादी पसंत पडली. तीस वर्षे असा संसार झाल्यावर माझा मामेभाऊ पुण्याची नोकरी संपवून तिवशाला परतला. निवृत्त माणसाला काही तरी छंद लागतो. कोणी ज्ञानेश्वरी लावतो, कोणी सकाळी झपझप चालत सुटतो. याने कोंबड्यांना नोटीस दिली.

अमरावतीचे एक म्हातारे मिस्त्री त्याने गाठले. ते आले, त्यांनी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली, बॉनेट उघडून आत डोके घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाही. मग म्हणाले, "पत्रा गेला. पाटे बसले. पन इंजिन मेलं नाही, झोपून रायलं." वैद्याने नाडीवर बोट ठेवून आशा दिली, की घरचे लोक खर्चाला मागेपुढे पाहत नाहीत. दोन वर्षे काम चालले. खालचा पत्रा नवा झाला, किंगपिन बदलले, क्रँक घासून घेतला, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. सुटे भाग कुठून मिळाले ते सांगितले तर गंमत वाटेल. ते मिळाले मुंबईच्या टॅक्सीतून! पद्मिनीचा साज बदलला, तोंडवळा बदलला, पण इंजिनाचे माप तेच राहिले होते. नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, अशी ४ नळकांडी, एकूण १०८९ घनसेंटिमीटर. मामेभाऊ कुर्ल्याच्या भंगारबाजारातून पिस्टन आणि रिंगा पिशवीत घालून विदर्भ एक्स्प्रेसने घेऊन येई. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून उतरली. लेकीने जाता जाता आईला रक्त दिले म्हणायचे.

हे १०८९चे माप माझ्या डोक्यात बसले, आणि माझ्यातला वऱ्हाडी जागा झाला. कोनाच्या घरचा हाय हा?

शोधाला लागलो तर भलतेच घराणे निघाले. हे इंजिन १९३७ साली तुरिन शहरात जन्मले. त्या वर्षीच्या फियाट गाडीत ते प्रथम बसले. दांते जाकोसा नावाच्या इंजिनिअरचा या गाडीच्या रचनेत मोठा हात. त्याच गृहस्थाने त्याआधी एक चिमुकली फियाट काढली होती, तिला इटलीतले लोक 'टोपोलिनो' म्हणजे 'उंदरू' म्हणत. हे उंदरूही कुर्ल्याला जुळवले जात होते. तेव्हा उंदरू आणि डुक्कर या दोघांचाही बाप एकच, आणि दोघांनाही मुंबईला आणले ते सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने. जहाजे काढणाऱ्या, विमानाचा कारखाना उभारणाऱ्या, माळरानावर साखर पिकवणाऱ्या या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९५३ साली ते वारले. डुक्कर फियाट त्यांनी पाहिली नाही.

आता शर्यतीकडे येतो. इटलीत ब्रेशिया म्हणून एक गाव आहे. १९२७ साली तिथल्या चार हौशी मंडळींनी एक शर्यत काढली, 'मिल्ले मिल्या', म्हणजे हजार मैल. ब्रेशियाहून निघायचे, रोमला वळसा घालायचा आणि पुन्हा ब्रेशियाला यायचे. सुमारे १६०० किलोमीटर, एका दमात. वेगळा बांधलेला मार्ग नाही. हाच आपला बैलगाड्यांचा, सायकलींचा, गावातून चर्चसमोरून जाणारा रस्ता. तिवशाहून मुंबईला जावे, चर्चगेटला पाणी प्यावे आणि झोपायला घरी यावे, असा प्रकार!

या शर्यतीची एक रीत मला फार आवडली. सगळ्या गाड्या एकदम सोडत नसत. आदल्या रात्री नऊच्या सुमारास छोट्या गाड्या निघत, एकामागून एक, एकेका मिनिटाच्या अंतराने. पहाटेनंतर मोठ्या गाड्या. आणि गाडीवर जो नंबर रंगवायचा तो तिच्या निघण्याच्या वेळेचाच. १९५५ साली स्टर्लिंग मॉसची मर्सिडीज सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाली, म्हणून तिचा नंबर ७२२. तो १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत परतला. ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या वर. शेजारी बसलेल्या जेन्किन्सनने सगळ्या वळणांची टिपणे एका लांबलचक कागदावर लिहून घेतली होती, आणि जन्मपत्रिकेसारखी ती गुंडाळी उलगडत तो मॉसला हाताच्या खुणांनी पुढचे भविष्य सांगत होता. ही गोष्ट जगभर गाजली. पण त्या वर्षी पाचशेच्या वर गाड्या निघाल्या होत्या. गाजणाऱ्या थोड्या. रात्रीच्या काळोखात आधी निघालेल्या त्या छोट्या गाड्यांत फियाटींचा भरणा असे, आणि त्यांत आमच्या डुकराच्या सख्ख्या बहिणी असत. दुकानदार, मिस्त्री, गावचे हौशी जवान आपली रोजची गाडी काढीत, नंबर रंगवीत आणि हजार मैलांना निघत. मला तर या शर्यतीचे खरे वैभव तेच वाटते. राजेरजवाड्यांनी महागड्या गाड्या पळवाव्यात यात नवल ते काय?

पण घराण्याचा मोठेपणा सांगायचा तर दोन नावे घ्यावी लागतील.

पहिले नाव ऐकून मामेभाऊ खुर्चीतून उठलाच. फेरारी! एन्झो फेरारी याने आल्फा रोमिओचे काम सोडल्यावर करारामुळे त्याला काही वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरता येत नव्हते. तरी १९४० साली त्याने दोन गाड्या बांधल्या. नाव ठेवले '८१५', म्हणजे ८ नळकांडी आणि दीड लिटर. तिचा सांगाडा फियाट ११००चा, आणि इंजिनही त्याच ११००चे भाग घेऊन, दोन चौकड्या एकापुढे एक ठेवाव्यात तसे जुळवलेले. त्या साली ब्रेशियाच्या शर्यतीत या दोन्ही गाड्या धावल्या आणि दोन्ही वाटेत बसल्या. त्यांतली एक चालवत होता आल्बेर्तो आस्कारी, जो पुढे १९५२ आणि १९५३ साली जगज्जेता झाला. म्हणजे आज ज्या फेरारीचे चित्र पोरे भिंतीवर लावतात तिचा आद्य पुरुष आमच्या डुकराचा चुलता लागतो.

दुसरे नाव ताझिओ नुव्होलारी. हा लहान चणीचा, सुरकुतल्या चेहऱ्याचा इटालियन माणूस म्हणजे मोटारशर्यतीतले एक आख्यानच. १९४७ साली, महायुद्धानंतर पहिल्यांदा मिल्ले मिल्या भरली, तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. फुप्फुसे खराब झालेली. दोन मुलगे होते. थोरला १९३७ साली गेला, धाकटा १९४६ साली. अशा माणसाने घरी बसावे. तो एका उघड्या, टप नसलेल्या चिमुकल्या गाडीत बसला. गाडी 'चिसितालिया' नावाची, इंजिन फियाट ११००च्या घरचे. तेच नळकांडे, तीच धाव, फक्त कसून तयार केलेले. (याच गाडीची बंद टपाची बहीण न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवली आहे, काही इंजिने संग्रहालयात जातात, काही कोठ्यात.) समोर बिओंदेत्ती, त्याच्याकडे अडीचपटीहून मोठ्या इंजिनाची आल्फा रोमिओ. आणि तरी रोमला नुव्होलारी पुढे होता, रोमच्या पुढेही पुढे होता. शेवटच्या टप्प्यात वादळी पाऊस कोसळला. उघड्या गाडीत तो भिजला त्याचे काही नाही, पण पाणी ठिणगीच्या यंत्रात शिरले आणि इंजिन बंद पडले. ते कोरडे करून पुन्हा चालू करीपर्यंत बिओंदेत्ती निघून गेला. नुव्होलारी दुसरा आला. फरक सुमारे सोळा मिनिटांचा.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. कारण पाणी शिरून हे इंजिन बंद पडते म्हणजे काय होते, ते मी पाहिले होते.

१९६७चा जुलै. मी शाळकरी पोरगा, सुटीला तिवशाला गेलो होतो आणि पावसाने अडकलो होतो. रात्री अकराच्या पुढे कौंडण्यपुराच्या अंगाच्या एका खेड्यातून माणूस आला. बाई अडली होती. सुईणीने हात टेकले होते. तो माणूस एका सायकलीवर, चिखलातून, डोक्यावर पोते पांघरून आला होता. मामांनी बॅग घेतली, मला म्हणाले, "चल रे, बॅटरी धरायला." सायकल टपावर बांधली, माणूस मागे बसला आणि आम्ही निघालो. सडक संपली, धुऱ्याकाठचा गाडीरस्ता लागला, आणि मग नाला आला. पाणी फार नव्हते, गुडघ्याला लागेल इतके. मामांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. मधोमध गेलो, पुढचा पंखा पाण्याला लागला, पाण्याचा फवारा इंजिनभर उडाला. गाडी दोनदा खोकली. उताराच्या जोराने आणि मागच्या माणसाच्या धक्क्याने ती पलीकडच्या काठाला टेकली आणि मेली.

पेट्रोलच्या इंजिनाचे सगळे तंत्र ठिणगीवर असते. पेट्रोलची वाफ आणि हवा नळकांड्यात शिरते, पिस्टन ती दाबतो, आणि ऐन वेळी एक ठिणगी पडावी लागते. ती कोणत्या नळकांड्यात केव्हा पडायची हे वाटून देणारी एक काळी डबी असते, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. तिच्या झाकणात ओल शिरली, की वीज वाट सोडून भलतीकडे पळते. इंजिन फिरत राहते, पण पेटत नाही. मी बॅटरी धरून होतो. मामांनी झाकण काढले, अंगातला सदरा काढून पुसले, लावले. नाही. पुन्हा काढले. पाऊस पडतच होता. पुसलेले लावीपर्यंत पुन्हा भिजत होते. तो माणूस हँडल मारत होता. शेवटी मामा बॅगेवर ओणवे झाले, स्पिरिटचा बोळा काढला, झाकण आतून पुसले, बॉनेटखाली आपल्या उघड्या पाठीचा आडोसा केला आणि म्हणाले, "मार." गाडी लागली. मामांच्या मनगटावरच्या घड्याळावर बॅटरीचा उजेड पडला होता. पाऊण तास गेला होता.

बाई वाचली. मूल नाही वाचले.

मामांनी घरी येऊन आंघोळ केली आणि मामींना एवढेच सांगितले, "उशीर झाला." गाडीला शिवी दिली नाही, नाल्याला नाही, सरकारलाही नाही. वेळेवर पोचते तर काय झाले असते, ते डॉक्टरांना ठाऊक असेल. मला विचारायचे धाडस त्या वयात नव्हते आणि पुढेही झाले नाही.

आता पुन्हा मिस्त्रींकडे येतो. इंजिन बाहेर काढण्याच्या दिवशी मी मुद्दाम अमरावतीहून गेलो होतो. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरवर हात घातला आणि काही तरी काळपट, चिकट, तुकडे पडणारे ओढून काढले. "हे काय आहे बुवा? रबर दिसते." फेकणारच होते. मामी ओट्यावर बसल्या होत्या. आता नव्वदीला आल्या आहेत, पण नजर घारीची. म्हणाल्या, "फेकू नका. तो हातमोजा आहे."

तो ऑपरेशनचा रबरी हातमोजा होता. मामांनी तो उलटा करून डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर टोपडे घालावे तसा चढवला होता. बोटांची टोके कापली होती आणि प्रत्येक बोटातून एक वायर बाहेर काढली होती. चार वायरी चार नळकांड्यांना आणि पाचवी कॉइलकडून येणारी. पाच बोटे, पाच वायरी. मनगटाची बाजू खाली दोऱ्याने गच्च बांधलेली, आणि दोरा साधा नव्हता. टाके घालायचा होता.

"त्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी बसवला," मामी म्हणाल्या. "दर मिरगाच्या आधी नवा बदलायचे. हा नव्वद सालचा असंन." मग थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, "हातमोजे मीच उकळून द्यायची. एक कमी भरला की समजायचं, मिरीग आला."

मिस्त्रींनी टोपी काढून डोके खाजवले. "हे तं आमच्या उस्तादालेबी नाही सुचलं," ते म्हणाले, आणि तो चिकट लगदा त्यांनी एका कागदावर नीट ठेवला.

गाडी तयार झाली आणि घरात भांडणे सुरू झाली. मोटार नीट झाली, की माणसे बिघडतात. पहिले भांडण रंगाचे. फेरारी आणि नुव्होलारी माझ्याच तोंडून ऐकल्यामुळे मामेभावाला लाल रंग पाहिजे होता. इटलीच्या शर्यतीच्या गाड्यांचा लाल. दारावर पांढरा गोल, त्यात नंबर. नंबरही त्याने ठरवला होता, १०८९. मी म्हटले, "अरे, तिथला नंबर म्हणजे निघण्याची वेळ. दहा वाजून एकोणनव्वद मिनिटे कोणत्या घड्याळात होतात?" यावर तो रुसला. त्याला गाडी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात न्यायची होती, आणि तिच्यापुढे 'मिल्ले मिल्याची वारसदार' अशी पाटी लावायची होती. पुण्याच्या एका शौकिनाने तशाच रूपात ती विकत मागितली होती आणि आकडा ऐकून माझीही जीभ कोरडी पडली. मामी म्हणाल्या, "डॉक्टर राखी गाडीतून जात. लाल गाडी आली तं लोक म्हनतीन, पोस्टाची आली." प्रश्न मिटला. गाडी राखीच राहिली.

मी मामींच्या बाजूचा होतो, आणि केवळ जिव्हाळ्यामुळे नव्हे. आमचे डुक्कर कधी कुठल्या शर्यतीत धावले नाही. भाऊबंदांच्या ढाली आपल्या कपाटात ठेवणे मला कमीपणाचे वाटते. कुळाचा अभिमान धरावा, पण जो पट आपण मारला नाही त्याचा फेटा बांधू नये. शिवाय फियाटींनी इथे, आपल्याच देशात, थोडे का पळून दाखवले आहे? मद्रासजवळ शोलावरमच्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यती भरत, तिथे फियाटी सोलून, टोकरून, हलक्या करून मंडळींनी वर्षानुवर्षे पळवल्या. आणि १९६८ साली लंडन ते सिडनी अशी अफाट रॅली निघाली होती, तिच्या ९८ गाड्यांपैकी ७२ मुंबईला पोचून 'चुसान' जहाजावर चढल्या, तेव्हा आम्ही पोरे वर्तमानपत्रातला नकाशा घेऊन बसलो होतो. दिल्लीहून मुंबईला जायचा तो आग्रा रोड धुळ्याला येतो, आणि तिवशाची सडक अकोला, जळगाव करीत धुळ्यालाच मिळते. मामा म्हणाले होते, "म्हणजे आपल्या घरावरून थोडक्यात हुकली." तसे पाहिले तर रथांची पहिली रॅली आमच्याच तालुक्यात झाली आहे. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. पुढे श्रीकृष्णाचा रथ, मागे रुक्मीचा. ती शर्यत कोण जिंकले हे वाचकांना ठाऊक आहे.

दुसरे भांडण कागदपत्रांचे, आणि ते जास्त अवघड होते. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नवे नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. २०,००० रुपये भरायचे, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात आणि दहा वर्षे चिंता नाही. मान मोठा. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, संशोधन, आणि पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी नेणे, एवढेच. मामेभावाने हा नियम मोठ्या आवाजात वाचून दाखवला.

मामींनी विचारले, "मंग मले दवाखान्यात न्यायचं असंन तं?"

"नाही नेता येणार, आई."

"कोनाले आणायचं असंन?"

"नाही."

"मंग ते कायची गाडी?"

साध्या नोंदणीचे नूतनीकरण म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी, आणि आमच्या गाडीची मुदत तर केव्हाच उलटून गेलेली. किती खेटे घातले, कोणत्या खिडकीवर किती उभे राहिलो, ते सांगत नाही. दिवाळीच्या अंकात रडगाणे नको. तपासणीच्या दिवशी साहेबांनी चक्कर मारायला म्हणून गाडी नेली आणि पाऊण तास परत आणली नाही. आम्ही घाबरलो. साहेब परतले ते हसत. "गिअर सापडायला वेळ लागला," म्हणाले. सही झाली.

तेव्हापासून ही गाडी तिवशात फिरते. मंगळसूत्र मोडावे तशी नव्हे, वापरावे तशी. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याला रात्री अमरावतीला न्यायचे होते आणि मोठी गाडी लगेच मिळेना, तेव्हा हीच काढली. छत्तीस अश्वशक्ती आहे बिचारीची. रस्ता आता चौपदरी झाला आहे. अमरावतीच्या पलीकडे अकोल्याकडचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर तर २०२२च्या जून महिन्यात १०५ तास ३३ मिनिटांत घातला आणि जागतिक विक्रमात नोंदला गेला. असल्या रस्त्यावर ट्रकवाले आमच्या डुकराला भोंगे वाजवीत ओलांडून जातात आणि ओलांडताना मान वळवून बघतात. म्हातारा मागच्या गादीवर पडल्या पडल्या म्हणाला म्हणे, "हे डाक्टरची गाडी ना? मंग पोचतो."

मेळाव्यालाही गेलो. नागपूरला, फेब्रुवारीत. मामी पुढे बसल्या, उलटे दार उघडून, लुगडे न चुरगळता. मैदानात चकचकीत गाड्यांची रांग होती, संस्थानिकांच्या, कापडगिरणीवाल्यांच्या. आमच्यापुढे पाटी अशी होती: 'फियाट ११००, १९५६. तिवसा येथील डॉक्टरांची.' फेरारीचे नाव आम्ही कुठेही घातले नाही. मामेभावाने ते येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडी सांगितले. परीक्षक आले. दोघे होते, हातात तक्ते. काचा, दिवे, चाकांच्या टोप्या, सगळे मूळचे आहे ना ते तपासत होते. बॉनेट उघडले. आत, डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर, नवा कोरा पांढरा रबरी हातमोजा, पाच बोटांतून पाच वायरी. मामींनी स्वतः उकळून दिला होता. का उकळला, असे मी विचारले नाही.

"हे काय?" धाकट्या परीक्षकाने विचारले.

"पावसासाठी आहे," मामेभाऊ म्हणाला.

"कंपनीचे नाही."

"कंपनीचे नाही," मामी म्हणाल्या.

परीक्षकांनी आपसात काही तरी कुजबुज केली. थोरला थोडा घुटमळला; त्याने वाकून बोटे मोजली असावीत, असे मला वाटले. मग मूळपणाच्या रकान्यात दोन गुण कापले गेले. त्या दोन गुणांनी आमचे बक्षीस हुकले, असे मामेभावाचे ठाम मत आहे. माझे मत, बक्षीस तसेही मिळत नव्हते. शेजारी एक महाराजांची गाडी उभी होती.

परत निघालो तेव्हा चार वाजले होते. कोंढाळी मागे पडली, कारंजा गेले, तळेगाव आले आणि फेब्रुवारीत येऊ नये तो पाऊस आला. संत्र्यावाल्यांचे तोंडचे पाणी पळवणारा, वाऱ्याचा, टपोऱ्या थेंबांचा. वायपर आपल्या परीने हात हलवत होते. पुढच्या गाड्या कडेला थांबू लागल्या. वर्धेच्या पुलावर पाण्याचा पडदाच होता. मामेभावाने वेग कमी केला आणि कान इंजिनाकडे लावला. मामी डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटले, झोपल्या.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "ते चालते."